उठल्यानं नाव लागत नाई

केंद्राचा अर्थसंकल्प मांडला जातो त्या दिवशी चिखलीतलं माझं ऑफिस दुपारपासून बंद असतं. माझा धंदा करसल्ल्याचा, त्यामुळे नेमक्या त्याच दिवशी दाराला कुलूप पाहून व्यापारी मंडळी चिडतात. "स्लॅबचं काय झालं तेवढं तर सांगून जा," असे फोन येतात. मी फोनवर सांगतो आणि एसटीत बसतो. मेहकरला उतरून जीपने सुलतानपूर, तिथून पुढे आमचं गाव. चारच्या आत पोचावं लागतं, कारण चारला शाळेच्या पटांगणात, लिंबाखाली, त्र्यंबकभाऊंचं बजेट असतं. दिल्लीचं सकाळी आणि आपलं चारला, असं गावात सरळ म्हणतात.

त्र्यंबकभाऊ आमचे आमदार. दोनदा निवडून आले, तिसऱ्या वेळी पक्षाने तिकीट दिलं नाही. त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण त्यांना 'माजी' म्हणायची सवय गावाला लागली नाही. सडपातळ माणूस, पांढरा सदरा, गळ्यात दोरीला अडकवलेले दोन चष्मे. एक वाचायचा, एक माणसं पाहायचा. भाषणात आकडा आला की एक चढायचा, समोरून कोणी प्रश्न विचारला की दुसरा. अदलाबदल करताना बोलणं थांबायचं नाही, त्यामुळे पुष्कळदा आकड्याच्या चष्म्यातून माणूस पाहिला जाई आणि "तू कोनाचा बे?" असं ते स्वतःच्या पुतण्यालाही विचारत.

अर्थमंत्र्यांचं भाषण ते घरी टीव्हीवर पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत ऐकत. मांडीवर सूप आणि त्यात हिरव्या हरभऱ्याचे घाटे. हे सोलायचं काम त्यांच्या पत्नी शांताकाकूंनी लावून दिलेलं. "कानानं ऐकून राह्यले ना, मंग हात काऊन रिकामे?" असं एकदा म्हणाल्या आणि तेव्हापासून सूप मांडीवर आलं ते गेलं नाही. भाषण लांबलं की दाण्यांच्या वाट्या जास्त. मी पोचलो की भाऊ सांगत, "यंदा तीन वाट्याचं झालं. मागच्या साली दोनच वाट्याचं व्हतं, पन त्यात सोयाबीनवाल्याचं थोडं जास्त व्हतं." त्याच दाण्यांची आमटी आम्ही जेवत असू.

माझं काम ठरलेलं. अर्थसंकल्पाच्या कागदात प्रत्येक ओळीपुढे चार रकाने असतात. पहिल्यात चालू वर्षाच्या आधीच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, दुसऱ्यात चालू वर्षासाठी ठरवलेली रक्कम, तिसऱ्यात तीच रक्कम सुधारून, चौथ्यात येत्या वर्षासाठी ठरवलेली. टीव्ही दिवसभर चौथ्या रकान्याबद्दल बोलतो. भाऊंना चौथा सगळ्यात शेवटी लागे. "देतो म्हनले ते नको सांगू, अशोक. देतो म्हनले व्हते तवा देल्लं किती, ते सांग." मी यंदाचा पहिला आणि मागच्या वर्षीच्या कागदातला दुसरा रकाना शेजारी शेजारी मांडून द्यायचा, म्हणजे एकाच वर्षाचं ठरलेलं आणि झालेलं समोर येई. लोकांना रकाने कळत नसत असं नाही. घरात लग्न काढलेल्या प्रत्येकाला ठरवलेलं आणि झालेलं यातला फरक चांगला कळतो.

मग सुरू व्हायची ती खास त्यांची पद्धत. लोकांना ते रांगेने बसवत. पुढे म्हातारेकोतारे, मग मजुरीला जाणाऱ्या बाया, मग कोरडवाहूवाले, शेवटी विहीरवाले आणि नोकरीवाले. ही कल्पना हिवरा आश्रमाच्या मोठ्या पंगतीवरून सुचली असं ते सांगत. "तिथं वाढनारा पुढं जाते, पन मान मागं वळेल असते. कोन राह्यलं ते पाह्यते. बजेटवाल्याची मान नुसती पुढं." रांगा बसल्या की एकेक तरतूद वाचायची आणि म्हणायचं, "ज्याले भेटलं त्यानं उठा." हात वर करणं त्यांना चालत नसे. हात कोणीही वर करतो, उभ्या माणसाकडे मात्र शेजारी बघतो, म्हणून खोटं उभं राहवत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी मोजायचं. ते स्वतः खुर्चीवर बसून विचारत आणि एखादी तरतूद त्यांनाही लागू असली तर खुर्चीवरून उठत. शांताकाकू शाळेच्या ओट्यावरून हे पाहत आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणत, "गावाले उठवते-बसवते. घरातली सकाळपासून उभीच हाये, तिले कोनी मोजत नाई."

त्यांची मतं ठाम असत आणि ती कोणत्याच बाजूला पुरती सोयीची नसत. प्राप्तिकराच्या स्लॅबवर टीव्ही दोन तास बोलतो याचा त्यांना राग नव्हता, आश्चर्य होतं. "आपल्या गावात तो कर भरते कोन? दोन मास्तर. अन् कर न भरनारा कोन हाये ते बी सांग. सरुबाईनं साबनाची वडी घेतली तरी तिनं भरला. मंग करदाते म्हनून फोटो फक्त मास्तरचाच काऊन?" सोयाबीन आणि कपाशीच्या मुलखाचं खरं बजेट भाषणात नसतंच, असंही ते म्हणत. बाहेरून येणाऱ्या तेलावर आणि कापसावर सरकार किती शुल्क लावतं, ते ज्या कागदात असतं तो कागद ते मला आधी काढायला लावत. कधीकधी तो बदल मधल्याच एखाद्या महिन्यात निघे. तेव्हा रात्री त्यांचा फोन ठरलेला: "आपलं बजेट आज झालं बे. कोनी टीव्ही लावला नाई."

चिखलीत एकदा व्यापाऱ्यांनी त्यांना बजेटवर बोलायला बोलावलं. एक जिनिंगवाले उठून म्हणाले, "भाऊ, हे फुकट वाटणं बंद झालं पाहिजे. लोक आळशी झाले. मजूर मिळत नाही."

भाऊंनी माणसं पाहायचा चष्मा लावला. "शेठ, तुमच्या जिनिंगले मशीन घेतली तवा सरकारनं अनुदान देल्लं का?"

"दिलं. ती योजनाच होती."

"मंग तवापासून तुमी आळशी झाले का?"

सभा हसली, शेठही हसले. त्यांचा आणि भाऊंचा लोभ पुढेही टिकला. पण हेच भाऊ महिन्याभरात आमच्या गावच्या बायांसमोर म्हणाले की तुमच्या खात्यात पैसे येतात हे चांगलंच आहे, मात्र त्यापायी अंगणवाडीवालीचं मानधन रखडणार असेल आणि शाळेला मास्तर मिळणार नसेल तर मी ते चांगलं म्हणणार नाही. त्या दिवशी गावात त्यांना कोणाकडेही चहा मिळाला नाही. मला म्हणाले, "चाल, सुलतानपूरले जाऊन पिऊ."

दोष होते. बोलायला लागले की थांबत नसत. कोणाच्या पोराच्या बदलीसाठी चिठ्ठी देत नसत आणि 'नाही' इतक्या कोरडेपणाने म्हणत की चांगली माणसंही दुरावली. आमच्या गावचा रस्ता त्यांच्या दोन्ही कारकिर्दीत अर्धाच राहिला, कारण दुसऱ्या गावांचे आधी करायचे होते. मतदारसंघात त्याचं कौतुक झालं, गावात नाही.

पण मला ज्या गोष्टीसाठी ते कायम लक्षात राहतील ती त्यांच्या याच पद्धतीतून घडली.

ते आमदार असतानाचं शेवटचं पूर्ण वर्ष. लिंबाखाली रांगा बसल्या होत्या. निराधारांच्या अनुदानाची पाळी आली. हे भाऊंचं जिवाचं काम. केंद्राचा वाटा वर्षानुवर्षं तिथल्या तिथे आहे, राज्याने तरी आपला वाढवावा, यासाठी ते विधानसभेत सारखे भांडत. त्यांनी विचारलं, "ज्याईच्या खात्यात दर महिन्याले येते त्याईनं उठा."

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून उठल्या. सगळ्या. मी मोजल्या, खात्रीसाठी पुन्हा मोजल्या.  भाऊंनी चष्मा काढून पुसला.

पुढे मुंबईच्या अधिवेशनात अर्थसंकल्पावरच्या चर्चेत कोणीतरी असल्या खर्चाला रेवडी म्हटलं. भाऊ उठले आणि त्यांनी लिंबाखालची ती रांग सभागृहाला सांगितली. माझ्या गावात एकही निराधार बाई सुटलेली नाही, ज्याला रेवडी वाटते त्याने येऊन त्या उभ्या राहिलेल्या बाया पाहाव्यात. भाषण गाजलं. वर्तमानपत्रात फोटो आला. पक्षाच्या मोठ्या नेत्यांनी पाठ थोपटली.

त्या वर्षी दसऱ्यानंतर, सोयाबीन घरात आल्यावर, मी काही कागदांसाठी भाऊंच्या घरी बसलो होतो. सरुबाई आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याकडे कंपनीत, तोही कधी कामावर, कधी घरी. गावात ती आणि तिची सून मंगला. सरुबाई ओट्याखालीच उभी राहिली.

"भाऊ, एक इचारू का?"

"इचार ना बाई. वर ये."

"मी उभी राह्यली व्हती ना लिंबाखाली? पयल्याच रांगंत. या अशोकनं बोट करून मोजलं बी मले. मंग माह्यं नाव काऊन नाई लागलं?"

भाऊंना काही उमगलं नाही. "तुले पैसे येते म्हनूनच उठली ना तू?"

"येत असते त कायले उठली असती?" तिला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "नाव लागावं म्हनून उठली. आमदार इचारते, लिवनारा मानूस मोजून राह्यला, मंग नाव लागन ना. शुगरच्या बिमारीच्या गोळ्या अर्ध्या करून खाऊन राह्यली मी तवापासून, की पैसे आज येतीन उद्या येतीन."

भाऊ उठले, चपला घातल्या आणि तिच्याबरोबरच बाहेर पडले. मी मागे गेलो. त्या संध्याकाळी आम्ही त्या रांगेतल्या प्रत्येकीच्या ओट्यावर बसलो. ज्यांना खरंच अनुदान येत होतं अशा अगदी थोड्या निघाल्या. बाकीच्या नाव लागेल म्हणून उठल्या होत्या. एक तर म्हणाली, "आमदारानं उठा म्हनल्यावर बसून राह्यते का कोनी? बरं दिसते का ते?"

माझा आकडा बरोबर होता. उभ्या तेवढ्याच होत्या. त्यामुळेच तो इतका वाईट आकडा ठरला. तालुक्याला चौकशी केली तेव्हा पुढचंही कळलं. अर्ज मंजूर करायचं शिबिर आमच्या भागात लागायचं होतं, ते दुसरीकडे गेलं होतं. इथं सगळ्यांना मिळतं असं खुद्द आमदार सभागृहात म्हणतात, मग शिबिर कशाला, असा विचार कोणीतरी केला होता. त्यात चूक काढता येत नव्हती. आमच्या एकट्याच गावाचे नाही, आजूबाजूच्या सगळ्या गावांचे अर्ज पडून राहिले होते.

भाऊ म्हाताऱ्यांवर रागावले नाहीत. घरी येऊन पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "उठा म्हनलं, पन उठल्यानं काय होते, काय नाई होत, ते सांगतलंच नाई मी. चूक माही हाये. अन् ती सभागृहात बोललो, त सभागृहातच दुरुस्त करा लागन."

नागपूरचं अधिवेशन जवळ आलं होतं, निवडणूक त्याहून फार दूर नव्हती. आपण सभागृहात चूक सांगणार असं त्यांनी पक्षात कळवलं. लगेच वरून फोन आला. मी समोरच होतो. बोलणं गोड होतं. त्या बायकांची नावं पाठवा, महिन्याभरात कामं करून देतो. सभागृहात मात्र हा विषय नको, विरोधकांच्या हाती आयतं कोलीत देऊ नका, आणि तुमच्या तिकिटाची यादी अजून व्हायची आहे.

भाऊंनी फोन ठेवला.  मग पुन्हा सरुबाईच्या ओट्यावर गेले आणि तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"मी गप बसलो त तुह्यं काम या महिन्यात होते. पन बाकीच्या गावाईतल्या बाया तशाच राह्यतात. बोललो त सगळ्याईची चौकशी लागन, पन तुले बी थांबा लागन. माह्यं तिकीट जाइन ते येगळं, ते तू धरू नको. गोळ्या तुह्या अर्ध्या हाये. तू सांग."

मंगला दारात उभी होती. ती म्हणाली, "आत्याबाई, घ्या ना करून. आपल्याले कोन इचारते नंतर?"

 सरुबाईने पदराने ओट्यावरची धूळ झटकली. मग म्हणाली, "भाऊ, तुमी मले सगळ्याईच्या समोर उभं केलं. आता पैसे मागच्या दारानं काऊन देता? माह्यासंगं बारा गावच्या बाया बसेल हायेत. थांबीन मी. पन लई नका थांबवू."

नागपूरला मी प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो. भाऊंचं भाषण इतकं छोटं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. "अध्यक्ष महाराज, मागच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मी या सभागृहाला चुकीची माहिती दिली. माझ्या गावातल्या म्हाताऱ्या खोटं बोलल्या नाहीत. मी प्रश्न चुकीचा विचारला. त्यांना मिळतं का असं मी विचारलं, त्यांना वाटलं मी हवं का असं विचारतो. माझ्या त्या भाषणामुळे त्यांचे अर्ज मागे पडले. ते भाषण मी परत घेतो आणि सगळ्या तालुक्याच्या अर्जांची तपासणी मागतो." समोरच्या बाकांवर कोणीतरी मोठ्याने हसलं. त्यांच्या स्वतःच्या बाकांवर कोणी मान वर केली नाही. ते खाली बसले, वाचायचा चष्मा लावला आणि समोर एकही कागद नसताना तसेच बसून राहिले.

तपासणी लागली. तिला वेळ लागलाच. उन्हाळा संपत आला तेव्हा शिबिरं झाली आणि आसपासच्या सगळ्या गावांतल्या बायांची नावं लागली. सरुबाईच्या खात्यात पहिली रक्कम आली त्या दिवशी तिने मंगलाला मेहकरला पाठवलं आणि गोळ्यांचं आख्खं पाकीट आणवलं. भाऊंचं तिकीट तोवर गेलं होतं. कारण कोणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. मी एकदा म्हटलं, "भाऊ, वाईट वाटतं का?" मला वाटलं होतं, नाही म्हणतील. ते म्हणाले, "वाटते ना. मी का दगड हाये? सभागृहाची लई आठवन येते मले. पन ते भाषन तसंच ठेवून मी तिथं बसलो असतो, त मले लिंबाखाली बसता आलं नसतं."

लिंबाखालचं बजेट त्यांनी सोडलं नाही. फक्त त्याला एक सुरुवात आली. रांगा बसल्या की ते आधी म्हणत, "उठल्यानं नाव लागत नाई. बसल्यानं नाव कटत नाई. जे खरं हाये तेवढंच." हे ते प्रत्येक प्रश्नाआधी म्हणत. पोरं खेळताना तेच घोकत. पुढच्या वर्षी अनुदानाच्या प्रश्नाला सरुबाई उठली तेव्हा आधी इकडेतिकडे पाहून घेतलं आणि मग म्हणाली, "आता खरं उठली हो, अशोक. मोज."

त्याच वर्षी त्यांनी एक नवा प्रश्नही घातला. सरकारी नोकरांच्या जुन्या पेन्शनचा वाद सगळीकडे चालू होता. भाऊंनी विचारलं, "सरकारकून दर महिन्याले, न मागता, टायमावर पेन्शन कोनाले येते?" आणि स्वतःच पहिले उठले. माजी आमदारांना निवृत्तिवेतन असतं हे गावाला ठाऊक होतं, पण बोलत कोणी नव्हतं. लोक संकोचून खाली पाहू लागले. भाऊ उभ्यानेच म्हणाले, "बंद करा असं मी म्हनत नाई. आमच्या दोघाईचं औषधपानी त्याच्यावर चालते. पन सरुबाईच्या पैशाले कोनी रेवडी म्हनत असन, त माह्या पैशाले काय म्हनाचं ते बी त्यानं सांगावं." तेव्हापासून हा प्रश्न दरवर्षी राहिला, आणि त्याला पहिले तेच उठत.

सरुबाई आता नाही. मंगला दोन वर्षांमागे सरपंच झाली. भाऊंना गेल्या पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय ओढत चालतात, बोलणं सावकाश आणि थोडं जड झालं आहे. यंदा मी पोचलो तेव्हा सूप मांडीवर होतं, पण घाटे शांताकाकू सोलत होत्या आणि ते एका हाताने दाणे वाटीत लोटत होते. "अडीच वाट्याचं," एवढंच म्हणाले.

लिंबाखाली खुर्ची होती, पण समोर नाही. पहिल्या रांगेच्या टोकाला, म्हाताऱ्यांबरोबर. समोर मंगला उभी राहिली. मी रकाने वाचून दाखवले, यंदाचा पहिला आणि मागच्या कागदातला दुसरा. मग तिने भाऊंच्याच चालीत म्हटलं, "उठल्यानं नाव लागत नाई. बसल्यानं नाव कटत नाई." एकेक प्रश्न झाला. लोक उठले, बसले. आता मोजायचं काम तीच करते. शेवटचा, सरकारी पेन्शनचा प्रश्न आला तेव्हा ती क्षणभर अडखळली, आणि मग तिने तो भाऊंकडे न पाहता विचारला.

निवृत्त मास्तर उठले. भाऊंनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली होती, ती घसरून खाली पडली. त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला आणि अंग वर ओढायला सुरुवात केली. मी हात पुढे केला. त्यांनी तो पाहिला, पण धरला नाही.

मंगला म्हणाली, "बसा हो भाऊ. आमाले सगळ्याईले मालूम हाये."

ते अर्ध्यावर थांबले. श्वास घेतला. "मालूम असनं येगळं, मंगला," ते सावकाश म्हणाले. "मोजनं येगळं."

मग पुरते उभे राहिले, खुर्चीला धरून.  मंगलाने आधी मास्तरांकडे बोट केलं, मग भाऊंकडे केलं आणि मोठ्याने आकडा म्हटला. तो ऐकून झाल्यावरच ते खाली बसले.